पोटातले बाळ गेल्यावर घरच्यांनी काय करावे

गोव्यातल्या डिचोली-सत्तरीकडच्या घरांत पोटातले बाळ गेले की पहिला प्रश्न बाळंतिणीलाच विचारला जातो: पपई खाल्लीस का, कळशी उचललीस का, तिन्हीसांजेला विहिरीकडे गेली होतीस का? ही चौकशी सर्वांत आधी थांबवावी. पहिल्या तीन महिन्यांत होणाऱ्या गर्भपातांपैकी सुमारे निम्म्यांचे मूळ गर्भाच्या गुणसूत्रांतील दोषात असते, आणि घरकाम, प्रवास किंवा नवऱ्याशी झालेले भांडण यांनी तो दोष निर्माण होत नाही.

दिवस भरत आल्यावर बाळ गेले, तर कारणे निराळी असतात: वाढलेला रक्तदाब, मधुमेह, वार (नाळ जिला जोडलेली असते ती, प्लासेंटा) वेळेआधी सुटणे, वारेतून पुरेसे पोषण न मिळाल्याने वाढ खुंटणे, जंतुसंसर्ग, जन्मजात व्यंग. ‘नाळ गळ्याभोवती होती’ एवढ्या उत्तरावर मात्र समाधान मानू नये, कारण सुखरूप जन्मलेल्या कितीतरी बाळांच्या गळ्याभोवतीही नाळ असते. देवळात कौल लावायचा की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. परंतु वार एकदा टाकून दिली की ती तपासण्याची संधी पुन्हा येत नाही. म्हणून प्रसूतीपूर्वीच डॉक्टरांना सांगून ठेवावे की वार तपासणीसाठी पाठवा, बाळाचे वजन आणि बाह्य तपासणी कागदावर लिहा, आईच्या रक्ताच्या आवश्यक चाचण्या करा. शवविच्छेदनाला मन धजत नसेल तर नकार देण्याचा हक्क आहे, पण तो निर्णय आईवडिलांनी घ्यावा, व्हरांड्यात जमलेल्या नातेवाइकांनी नव्हे. आईचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर पुढच्या बाळाला रक्तगटामुळे धोका होऊ नये म्हणून दिले जाणारे अँटी-डी इंजेक्शन ७२ तासांच्या आत देण्याविषयी विचारावे. एवढे सगळे करूनही कित्येकदा कारण सापडत नाही, याची मनाशी तयारी असावी.

बाळ कापडात गुंडाळून आणले की कोणीतरी वडीलधारी बाई ‘तिला दाखवू नका, जीव अडकेल’ असे म्हणून दार लोटून घेते. तिचा हेतू चांगला असतो, पण मला हे पटत नाही. आईलाच विचारावे, ती नको म्हणाली तर काही वेळाने पुन्हा एकदा विचारावे, आणि हवे असल्यास पावलांचा ठसा घेऊन ठेवावा.

दुधाविषयी सहसा कोणी आधी सांगत नाही. दोन ते चार दिवसांत छाती दगडासारखी घट्ट होते, ब्लाऊज ओला होतो, आणि त्या ओल्या कापडाने बाई पुन्हा कोसळते. घट्ट बसणारी ब्रा वापरावी, गार पाण्यात भिजवलेले कापड ठेवावे, दूध वारंवार पिळून काढू नये. दूध थांबवण्याची गोळी मिळते, परंतु रक्तदाबाचा त्रास असल्यास ते डॉक्टरांना आधी सांगावे. ताप आला, तासाभरात पॅड भिजले, दुर्गंधीयुक्त स्राव झाला किंवा डोके दुखून नजर अंधुक झाली, तर १०८ला फोन करावा.

नोंदणीच्या नियमांनुसार २८ आठवड्यांनंतरच्या मृतजन्माची नोंद करावी लागते. रुग्णालयाने ती कळवली का, हे विचारून घ्यावे. नोकरी करणाऱ्या स्त्रीला गर्भपातानंतर सहा आठवड्यांच्या भरपगारी रजेची तरतूद १९६१च्या मातृत्व लाभ कायद्यापासून आहे, त्यासाठी डॉक्टरांचा दाखला जपून ठेवावा.

तिची झोप उडाली, जगणे नकोसे वाटू लागले, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर बोलता येते. बापालाही हा क्रमांक द्यावा. त्याला सहसा कोणी काही विचारत नाही.

पुढच्या खेपेस सारे अहवाल पहिल्याच भेटीत डॉक्टरांपुढे ठेवावेत. शेवटच्या तीन महिन्यांत कुशीवर झोपावे, आणि बाळाची हालचाल नेहमीपेक्षा मंदावली तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री रुग्णालय गाठावे.