युजेबिलिटी टेस्टिंग शिकताय? आधी गप्प बसायला शिका

नाशिकमध्ये राहून हे काम, म्हणजे खऱ्या युजरला साइट वापरायला देऊन तो कुठे अडखळतो ते बघणं, शिकता येतं का असं बरेच जण विचारतात. येतं! पुण्या-मुंबईची घाई करू नका, इथे खरे युजर जवळ आहेत. साइट द्राक्ष बागायतदारांची असेल तर दिंडोरी-पिंपळगावला जा, कामगारांची असेल तर शिफ्ट सुटताना सातपूर-अंबडला थांबा. कॉलेज रोडच्या कॅफेत मित्राला पकडून टेस्ट उरकू नका, तो तुमचा युजर नाही.

आता मुख्य गोष्ट, कारण यात जवळपास सगळे अडकतात. समोरचा अडखळला की आपल्याला राहवत नाही. काका ओटीपी टाकून बसलेत, कीबोर्डने खालचं बटण झाकलंय, त्यांना पुढे काय ते कळत नाहीये, आणि आपण पटकन बोलतो, "काका, जरा वर सरकवा ना." झालं, संपलं! जे शोधायला गेलो तेच आपण पुसून टाकलं. रिपोर्टमध्ये 'टास्क पूर्ण' असं लागतं आणि साइट लाइव्ह झाल्यावर तेच काका घरी एकटे असताना वैतागून बंद करतात. आणि मदत फक्त बोलूनच होते असं नाही, मान हलवणं, "हं, बरोबर" म्हणणं, आपली नजर त्या बटणाकडे जाणं, सगळं समोरच्याला कळतं. त्यांनी "इथे दाबू का?" विचारलं तर "मी इथे नसतो तर काय केलं असतं तुम्ही?" एवढंच विचारा आणि थांबा. ती शांतता फार जड जाते, माझी जीभ अजूनही वळवळते. पण सुरुवातीलाच "आम्ही साइट तपासतोय, तुम्हाला नाही" हे नीट सांगितलं की माणूस मोकळा होतो, घाबरू नका.

शेवटी "कशी वाटली?" विचारून त्यावर विसंबू नका. आपल्याकडे लोक समोरच्याचं मन मोडत नाहीत, "छान आहे की" म्हणतात. हात कुठे थांबला ते लिहा.

पाच जणांचा नियम ऐकला असेलच. युजेबिलिटी तज्ज्ञ याकोब नील्सन यांनी 2000 साली मांडलं की पाच युजरमध्ये साधारण 85% अडचणी सापडतात. पण ते एका प्रकारच्या युजरबद्दल आहे, बागायतदार आणि व्यापारी दोघं असतील तर दोन्हीकडचे वेगळे घ्या. आणि पाचातले तीन अडकले म्हणून "60% लोकांना जमत नाही" असं क्लायंटला कृपया सांगू नका. साइट वापरायला किती सोपी वाटली ते विचारणाऱ्या 1986 सालच्या एसयूएस (सिस्टिम युजेबिलिटी स्केल) प्रश्नावलीचंही तसंच, दहा प्रश्नांचा स्कोअर 100 पैकी येतो म्हणून ती टक्केवारी होत नाही, सरासरी 68 च्या आसपास धरतात.

सर्टिफिकेट कोर्सबद्दल माझं मत स्पष्ट आहे, आधी पैसे घालू नका. हीटमॅपही नंतर, तो लोक कुठे दाबतात ते दाखवतो, का ते नाही. मेंटॉर असा शोधा जो तुमचं रेकॉर्डिंग बसून बघेल आणि तुम्ही तोंड उघडलं तिथे पॉज करेल. स्लाइड दाखवणारे भरपूर मिळतात. रेकॉर्डिंगची परवानगी मात्र आधी घ्या, आणि टेस्ट त्यांच्याच फोनवर, त्यांच्याच नेटवर करा.