जॅझ ड्रम्सवर सोलो शिकायचाय? आख्खा सोलो पाठ करू नका, एक फ्रेज उचला

सोलो म्हटलं की आपल्याला वाटतं स्पीड पाहिजे, हात सुटले पाहिजेत, टॉम्सवर गडगडाट झाला पाहिजे. मग आपण घरी सिंगल स्ट्रोक रोल (उजवा-डावा एकेक फटका, भराभर) १८० टेम्पोवरून (मिनिटाला १८० मात्रा) २०० वर कसा जाईल याच्या मागे लागतो. मी पण तेच केलं. वर आणखी एक मोठा घोळ केला, जॅझ ड्रमर मॅक्स रोचचा एक लांबलचक सोलो नोट टू नोट पाठ केला, तीन महिने गेले त्यात, आणि पहिल्याच जॅमला सॅक्सवाल्याने चार बोटं दाखवली (म्हणजे आता चार-चार बार वाटून घेऊ, बार म्हणजे चार मात्रांचा एक तुकडा) तर माझ्याकडे चार बारमध्ये मावेल असं काहीच नव्हतं! सतराचा पाढा मधूनच कोणी विचारला की आपण सतरा एके सतरापासून म्हणत येतो ना, तशी गत. मी सुरुवातीपासून सुरू केलं, चार बार संपले तरी माझं चालूच, आणि सॅक्सवाला माझ्याकडे बघतोय.

त्यानंतर मी पद्धत बदलली आणि तीच इथे लिहितोय. एक छोटी फ्रेज (फटक्यांचं एक वाक्य म्हणा) घ्यायची, दोन-चार बारची, ती इतकी घोळवायची की कुठूनही सुरू करता येईल, कुठेही थांबवता येईल, आणि मग तिचं रूप बदलायचं.

आधी ऐकायचं काय

लांब सोलो बाजूला ठेवा, ट्रेडिंग ऐका. ट्रेडिंग म्हणजे चार बार सॅक्स किंवा पियानो, चार बार ड्रम्स, परत चार बार ते, चार बार आपण. १२० टेम्पोला चार बार म्हणजे सोळा मात्रा, म्हणजे फक्त ८ सेकंद. एवढ्यात एकच गोष्ट नीट सांगता येते, आणि जुने लोक तेवढीच सांगतात, म्हणून ते ऐकून शिकता येतं.

ड्रमर फिली जो जोन्सपासून सुरू करा असं मी म्हणेन. ट्रम्पेटवाल्या माइल्स डेव्हिसच्या १९५८ च्या 'माइलस्टोन्स' अल्बमवर 'बिली बॉय' आहे, त्यात माइल्स नाहीच, नुसता पियानो-बेस-ड्रम्स ट्रिओ वाजतो, त्यामुळे ड्रम्स एकदम स्वच्छ ऐकू येतात. फिली जोचं वाजवणं सगळं रूडिमेंट्सवर (हातांचे ठरावीक पाठ) उभं आहे, म्हणजे आपण पॅडवर कंटाळत कंटाळत जे घासतो तेच, पण तो ते स्विंगमध्ये बसवतो आणि मग लक्षातच येत नाही की अरे हा तर साधा पॅरॅडिडल (उजवा-डावा-उजवा-उजवा, मग उलट) आहे.

मग मॅक्स रोच. त्याच्या १९६६ च्या 'ड्रम्स अनलिमिटेड'वर तीन ट्रॅक नुसत्या ड्रम्सचे आहेत, सोबत कोणीच नाही. 'फॉर बिग सिड' त्यातला एक, सिड कॅटलेट या जुन्या ड्रमरची आठवण म्हणून वाजवलेला. त्यात एक छोटी थीम सांगितली जाते, परत सांगितली जाते, थोडी मोडली जाते, मग तिला उत्तर येतं. डोळे मिटून ऐका, कोणीतरी बोलतंय असंच वाटतं. दुसरा ट्रॅक 'द ड्रम ऑल्सो वॉल्ट्झेस', तीन मात्रांचा, पायात एकच पॅटर्न शेवटपर्यंत चालू आणि वर हात निवांत गप्पा मारतायत. हा ऐकायला सोपा वाटतो. बसा एकदा वाजवायला, मग कळेल.

आर्ट ब्लेकी ऐकायचा तो प्रेस रोलसाठी, म्हणजे काठ्या ड्रमवर दाबून काढलेला सलग घरघराट. रोल अगदी हळू सुरू होतो, फुगत जातो आणि बरोबर समेवर फुटतो. १९५८ मध्ये रेकॉर्ड झालेल्या 'मोनिन' अल्बमवर 'ब्लूज मार्च' आहे, मिलिटरी मार्चचं ड्रमिंग आणि ब्लूज एकत्र नांदताना ऐकायचं असेल तर तो लावा. एल्विन जोन्स, रॉय हेन्स, टोनी विल्यम्स हे सगळे ऐकाच, पण कॉपी करायला पहिल्या महिन्यात घेऊ नका, त्यांच्या फ्रेजेस बारच्या रेषा सरळ ओलांडून जातात आणि नवख्या माणसाला सम कुठे गेली तेच सापडत नाही.

फ्रेज उचलायची कशी

एक ट्रेड निवडा. तो लूपवर टाका, स्पीड ७० टक्के करा (हल्ली कुठल्याही प्लेअरमध्ये होतं ते), आणि काठ्या हातात घेऊ नका. आधी तोंडाने म्हणा. ता-का, डप, बूम, काय वाटेल ते, पण तोंडाने आलं पाहिजे. हे लोक टाळतात कारण घरात विचित्र वाटतं, पण माझा अनुभव असा की जी फ्रेज म्हणता येत नाही ती हातातही येत नाही, नुसती बोटांना सवय लागते आणि पुढच्या आठवड्यात उडून जाते. आपल्याकडे तबल्याचे बोल आधी म्हणून घेतात, त्यामागे हेच कारण असणार.

म्हणताना पायाने दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर हाय-हॅट (पायाने मिटणारी झांजांची जोडी) धरा. नुसत्या तोंडाने म्हटलं आणि खाली मात्रा नाही, तर फ्रेज नक्की कुठे सुरू होते ते कळत नाही. एकवर? एकच्या नंतर? चौथ्या मात्रेच्या शेपटीवर? खरी मजा बहुतेक वेळा यातच असते.

मग स्नेअरवर (समोरचा कडक आवाजाचा ड्रम), फक्त स्नेअरवर. कुठला फटका टॉमवर होता, कुठला झांजेवर, ते विसरा सध्या. कुठे जोर आहे आणि कुठे फटका जवळजवळ ऐकूच येत नाही एवढंच पकडा. हातांचा क्रम, म्हणजे उजवा की डावा, रेकॉर्डिंगवरून दर वेळी कळत नाही आणि त्यावर डोकं फोडण्यात अर्थ नाही, तुमच्या हाताला जे सोपं जाईल ते ठेवा. लिहून काढायचं असेल तर एका ओळीत रिदम लिहा, बस.

एक फ्रेज घेऊन बघू

कोणाच्या रेकॉर्डवरची नाही, पण अशी वळणं जुन्या जॅझमध्ये जागोजागी सापडतात. तीन मात्रांची फ्रेज:

ता-का ता-का टप

म्हणजे पहिल्या मात्रेत दोन स्विंग एट्थ (मात्रेत दोन फटके, पहिला लांब, दुसरा आखूड), दुसऱ्या मात्रेत दोन, तिसरीवर एक जोरदार 'टप'. हात आलटून पालटून. एकूण पाच फटके असल्यामुळे पहिल्यांदा उजव्याने सुरू झाली तर दुसऱ्यांदा आपोआप डाव्याने सुरू होते, त्याचा पुढे फायदा आहे.

आता ही चार-चारच्या बारमध्ये न थांबता सलग म्हणत रहा. फ्रेज तीनची, बार चारचा, म्हणून ती सरकत जाते. पहिल्यांदा एकवर सुरू, मग त्याच बारच्या चारवर, मग दुसऱ्या बारच्या तीनवर, मग तिसऱ्याच्या दोनवर, आणि पाचव्यांदा बरोबर चौथ्या बारच्या एकवर. पाच त्रिक पंधरा, सोळावी मात्रा उरली. ती मोकळी सोडा! काहीही भरू नका. बँडला आत यायला दार उघडं ठेवल्यासारखं होतं ते. नवीन माणूस त्या एका मात्रेत सहा फटके कोंबतो आणि मग सम हुकते, मी कित्येकदा हुकवली आहे.

तिहाई ऐकलेल्या कानाला ही सरकत जाऊन समेवर यायची भानगड लगेच आवडते, फक्त इथे तीनदा म्हणायचा नियम नाही.

हे जमलं की बदल सुरू करा. आधी ऑर्केस्ट्रेशन, म्हणजे फटके तेच पण जागा वेगळ्या: सगळे 'टप' फ्लोअर टॉमवर, मग सगळे 'टप' बेस ड्रम आणि क्रॅश झांज एकत्र, मग 'टप' ज्या हाताने येईल त्या बाजूच्या ड्रमवर. हात आपोआप बदलतो म्हणालो त्याचा फायदा हा, काही न ठरवता आवाज कधी डावीकडे कधी उजवीकडे जातो. मग फटके गाळा. दुसरा 'का' खाऊन टाका. मग पहिली मात्रा पूर्ण गाळून बघा. मग सगळी फ्रेज अर्ध्या मात्रेने पुढे ढकला (हे अवघड आहे, महिनाभर येणार नाही, चिडू नका). मग आवाज: पहिल्यांदा कुजबुज, पाचव्यांदा पूर्ण ताकद. मग उलटं, जोरात सुरू करून विझवत न्या, हे फार कमी लोक करतात आणि ऐकायला भन्नाट लागतं.

एका फ्रेजवर मी दोन आठवडे घालवतो. त्यात एवढं निघतं की वहीत दहा फ्रेजेस लिहून ठेवण्यापेक्षा ते परवडलं.

ट्रिपलेट्सच्या दोन गोष्टी

पॅरॅडिडल-डिडल, म्हणजे उ डा उ उ डा डा (उ उजवा, डा डावा). सहा फटके, ट्रिपलेटमध्ये (एका मात्रेत तीन सारखे फटके) बरोबर दोन मात्रा, बारमध्ये दोनदा बसतो. पहिल्या उजव्यावर जोर, बाकी सगळे हलके, अगदी हलके. फास्ट टेम्पोला हा जीव वाचवतो कारण डबल्समुळे (एकाच हाताचे लागोपाठ दोन फटके) हात दमत नाहीत.

दुसरी, पाय घेऊन: उ डा पा पा, म्हणजे दोन हात आणि बेस ड्रमचे दोन. हे चारचं टोळकं ट्रिपलेटवर चालवा. बारमध्ये ट्रिपलेटचे बारा फटके, म्हणजे टोळकं तीनदा बसतं, पण जोर पडतो पहिल्या मात्रेच्या सुरुवातीला, मग दुसऱ्या मात्रेच्या मधल्या फटक्यावर, मग तिसऱ्या मात्रेच्या शेवटच्या फटक्यावर. चारवर काहीच नाही. त्यामुळे ऐकणाऱ्याला क्षणभर वाटतं टेम्पोच बदलला, आणि पुढच्या बारला सगळं जागेवर. बेस ड्रमचे ते दोन फटके सारखे येईपर्यंत हे ८० च्या वर नेऊ नका, बहुतेकांचा दुसरा फटका मेलेला असतो.

आता टाइममध्ये बसवा

नुसती फ्रेज वाजवणं आणि राइड झांजेवर टाइम (नेहमीचा ठेका) चालू असताना त्यातून फ्रेजमध्ये जाऊन परत टाइममध्ये येणं, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. गाडी घसरते ती सांध्यावर. म्हणून आधी तीन बार टाइम, एक बार फ्रेज. मग दोन-दोन. मग चार-चार. हाय-हॅट दोन आणि चारवर सोलोतसुद्धा चालू ठेवा, निदान पहिलं वर्षभर.

मेट्रोनोम दोन-चारवर लावा, म्हणजे १२० ला वाजवायचं तर क्लिक ६० वर. मग ३० वर, बारला एकच क्लिक. तेव्हा कळतं आपण सोलो आला की पळतो. सगळे पळतात.

फॉर्म, आणि इथे बरेच जण मार खातात

ट्यून ३२ बारची आहे, ए-ए-बी-ए, आठ-आठचे चार तुकडे. सॅक्सने ट्रेडिंग सुरू केलं तर ड्रमरच्या वाट्याला दर तुकड्याचे शेवटचे चार बार येतात. म्हणजे तुमच्या दुसऱ्या फोरनंतर (चार बारच्या पाळीनंतर) ब्रिज, म्हणजे बी, येणार, तिसऱ्यानंतर परत ए, चौथ्यानंतर ट्यून नव्याने सुरू. हे माहीत असलं की प्रत्येक फोर सारखा वाजत नाही, चौथ्याला जास्त ताकद लावता येते, ब्लेकीसारखा एखादा प्रेस रोल शेवटच्या दोन बारात फुगवता येतो.

१२ बारच्या ब्लूजमध्ये गंमत वेगळी. बारा बारमध्ये चार-चारचे तीनच तुकडे, म्हणजे पहिल्या फेरीत सॅक्स-ड्रम्स-सॅक्स आणि दुसऱ्या फेरीत ड्रम्स-सॅक्स-ड्रम्स. दर फेरीला उलटतं. मोजत बसलात तर हरवाल, मनात ट्यून म्हणत रहा. खरंच म्हणत रहा, हेड, म्हणजे मूळ चाल, सोलो वाजवताना डोक्यात चालू पाहिजे. सरावाला सोपं काम: एक ब्लूज घ्या, तिच्या चालीचा रिदम जसाच्या तसा स्नेअरवर वाजवा, पुढच्या फेरीत चालीच्या मधल्या मोकळ्या जागांमध्ये तुमची उचललेली फ्रेज टाका, तिसऱ्या फेरीत चाल फक्त मनात ठेवा आणि फ्रेजला पुढे येऊ द्या. तीन फेऱ्या झाल्या की तुम्ही फॉर्मवर सोलो वाजवलात, न हरवता.

आणि फोन ठेवा रेकॉर्डिंगला. लगेच ऐकू नका, दुसऱ्या दिवशी ऐका, आणि ऐकताना सोबत चाल गुणगुणा. जिथे तुमची गुणगुण आणि रेकॉर्डिंगमधली सम वेगळी पडेल तिथले चार बार काढून परत लूपला लावा, यावेळी ६० टक्क्यांवर.