छपाईखात्यातील सॉल्व्हंट : स्वतःचे मोजमाप स्वतः करणाऱ्यांसाठी

रोटोग्रॅव्ह्युअर छपाईत (कोरलेल्या सिलिंडरवरून होणाऱ्या छपाईत) शाई पातळ करण्यासाठी टोल्युइन आणि इथाइल ॲसिटेट ही सॉल्व्हंट वापरतात, हे नव्याने रुजू होणाऱ्याला पहिल्याच शिफ्टमध्ये वासावरून कळते. तो वास थोड्याच वेळात जाणवेनासा होतो आणि मग मोजमापासाठी नाकाचा काहीही उपयोग उरत नाही. "सवय झाली की काही होत नाही" असे सांगणारा एखादा जुना ऑपरेटर बहुतेक प्रत्येक मशीनवर भेटतो. मशीन त्याच्याकडूनच शिकावे, सवयीचा सल्ला मात्र घेऊ नये.

आपल्या श्वासात किती सॉल्व्हंट जाते हे कामगाराला स्वतः मोजता येईल असे सर्वांत सुटसुटीत साधन म्हणजे कॉलरला लावायचा पॅसिव्ह बॅज. त्यात सक्रिय कोळशाची चकती असते, तिच्यात वाफ आपोआप शोषली जाते आणि पुढे प्रयोगशाळेत ती कोळशातून सोडवून गॅस क्रोमॅटोग्राफवर (मिश्रणातील वाफा वेगळ्या करून मोजणाऱ्या यंत्रावर) मोजली जाते. पंप, नळी, चार्जिंग यांपैकी काहीच लागत नाही. बॅज नाकातोंडाजवळ असावा आणि ॲप्रनखाली झाकला जाऊ नये. तो उघडल्याची व बंद केल्याची वेळ त्याच क्षणी लिहावी. शिफ्ट संपल्यावर आठवून लिहिलेल्या वेळांवर माझा विश्वास नाही. बॅज अंगावरून काढला म्हणून त्याचे शोषणे थांबत नाही, त्यामुळे झाकण न लावता लॉकरमध्ये, तेही भिजलेल्या कपड्यांशेजारी ठेवलेला बॅज त्या लॉकरचीच हवा मोजत राहतो. शिवाय एक न वापरलेला बॅज तुलनेसाठी प्रत्येक वेळी सोबत पाठवावा.

इथवरचे कोणीही शिकवते. आमच्या खात्याला ज्याने अडकवले ते याच्या पुढचे आहे, म्हणून ते सविस्तर लिहितो. आमचा अहवाल "मर्यादेत" असा आला होता आणि त्याच आठवड्यात जॉब (छपाईचे काम) बदलताना इंक ट्रे धुणाऱ्या हेल्परांचे डोके दुखत होते, त्यांना गरगरत होते. अहवाल खोटा नव्हता, तो सरासरी सांगत होता. 1987 च्या दुरुस्तीने कारखाने अधिनियमात जी दुसरी अनुसूची आली, तिच्यात टोल्युइनसाठी दोन आकडे दिलेले होते : 8 तासांच्या सरासरीसाठी 100 पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत 100 भाग) आणि 15 मिनिटांच्या अल्पकाळासाठी 150 पीपीएम. दिवसभर लावलेला बॅज फक्त पहिल्या आकड्याशी ताडून पाहता येतो.

समजा, 480 मिनिटांच्या शिफ्टमध्ये 460 मिनिटे हवेत 25 पीपीएम टोल्युइन आहे आणि ट्रे व सिलिंडर धुण्याच्या 20 मिनिटांत ते 400 पीपीएमवर जाते. पहिल्या भागाचे 11,500, दुसऱ्याचे 8,000, एकूण 19,500; त्याला 480 ने भागले की सरासरी येते सुमारे 41 पीपीएम. कागदावर सर्व काही निम्म्याहूनही खाली आहे आणि ट्रेवर वाकलेला माणूस मात्र अल्पकाळाच्या मर्यादेच्या अडीचपटीहून जास्त वाफ घेतो आहे. हे गणित एकदा स्वतःच्या हाताने, स्वतःच्या खात्याच्या वेळा घालून करावे, वाचून ते अंगात उतरत नाही. यावर उपाय असा की पूर्ण शिफ्टच्या बॅजबरोबर दुसरा बॅज ठेवावा, तो फक्त धुण्याच्या कामापुरता उघडावा आणि काम संपताच झाकण लावून बंद करावा. जागा कोणती, पंखा चालू होता का, डबा उघडा होता का, कापड किती वेळा भिजवले, हे डायरीत दोन ओळींत नोंदवावे. आकडा किती हे बॅज सांगतो. तो कशामुळे वाढला हे डायरीशिवाय कळत नाही.

बारा तासांची शिफ्ट असेल तर 100 हा आकडा तसाच वापरू नये. संपर्काचे तास वाढतात आणि शरीराला सॉल्व्हंट बाहेर टाकायला मिळणारे तास घटतात. ब्रीफ आणि स्काला यांच्या सूत्राने बारा तासांच्या शिफ्टसाठी मर्यादा निम्मी होते, म्हणजे 50 पीपीएम. हे सूत्र कडक आहे अशी तक्रार तुमच्या कानावर येईल. येऊ द्या.

त्वचेतून शिरणारे सॉल्व्हंट बॅजला दिसत नाही. उघड्या हाताने किंवा पातळ नायट्राइल हातमोजे घालून डॉक्टर ब्लेड (सिलिंडरवरची जादा शाई खरवडणारी पट्टी) पुसणाऱ्याचा बॅज चांगला आला म्हणून तो सुरक्षित ठरत नाही. ते हातमोजे टोल्युइनपुढे फार वेळ टिकत नाहीत. मग लघवीच्या तपासणीचा विषय निघतो आणि तिथेही जपून राहावे लागते. टोल्युइनसाठी पूर्वापार मोजले जाणारे हिप्युरिक ॲसिड बाटलीबंद सॉस, तयार लोणचे आणि काही शीतपेये यांत घातलेल्या सोडियम बेन्झोएटपासूनही शरीरात तयार होते. कँटीनमध्ये समोशाबरोबर भरपूर सॉस घेणाऱ्याचा अहवाल त्यामुळे वाढलेला दिसू शकतो. टोल्युइनपासूनच शरीरात बनणाऱ्या ऑर्थो-क्रेसॉलची तपासणी होत असेल तर तीच मागावी.

ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त हवा-मीटरवर पैसे घालवू नयेत, असे माझे ठाम मत आहे; त्यावर नाचणारा आकडा टोल्युइनचा की इथाइल ॲसिटेटचा, हे तो मीटर सांगत नाही. तसेच एका दुपारी येऊन, मशीन सुरळीत चालू असताना नमुने घेऊन जाणाऱ्या सल्लागारापेक्षा प्रयोगशाळेतील फोन उचलणारा केमिस्ट शतपटीने बरा गुरू ठरतो. त्याच्याकडून केवळ "मर्यादेत" हा शेरा घेऊ नये. बॅजवर सापडलेले मायक्रोग्रॅम, धरलेली मिनिटे, शोषणाचा दर आणि कोऱ्या बॅजचा आकडा, हे चारही लेखी मागावेत. प्रारंभी हे सारे किचकट वाटते आणि सुपरवायझरच्या कपाळावर आठ्याही पडतात, पण त्याने घाबरून जाऊ नये, कारण भागाकार शाळेतलाच आहे. सुरक्षा समितीत कामगार प्रतिनिधी असेल तर पहिला बॅज लावण्याआधीच त्याला सोबत घ्यावे आणि पहिली मोजणी जॉब बदलण्याच्या दिवशीच ठेवावी.