गरोदरपणात बीपी खूप वाढलं तर काय करायचं, आणि बाळंतपणानंतरही लक्ष का ठेवायचं

माझ्या धाकट्या बहिणीचं बीपी 33व्या आठवड्यात 168/112 निघालं, त्याच्या आधीचे दोन दिवस आम्ही घरी सगळे तिला पित्त झालंय असंच धरून चाललो होतो. छातीच्या खाली, उजव्या बरगडीच्या बाजूला दुखत होतं, उलट्या होत होत्या, डोकं ठणकत होतं, आई तिला कोकम सरबत देत होती आणि मी कपाळाला बाम चोळत होते. पायाला सूज होती, पण ती तर सगळ्यांनाच येते ना, असं शेजारच्या काकूही म्हणाल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी ती म्हणाली ताई मला डोळ्यापुढे काजवे चमकल्यासारखं दिसतंय, तेव्हा कुठे आम्ही गाडी काढली. ते दोन दिवस माझ्या मनातून जात नाहीत, म्हणून हे सगळं नीट लिहून ठेवतेय.

आधी आकडे पाठ करा. 140/90 किंवा जास्त आलं (वरचा किंवा खालचा, कुठलाही एक आकडा) तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं. 160/110 किंवा जास्त आलं तर फोन करून उद्या येतो म्हणायचं नाही, थोडं शांत बसून पंधरा मिनिटांत परत मोजायचं आणि तेवढंच आलं तर लगेच निघायचं, रात्रीचे दोन वाजले असले तरी. आणि वर सांगितलेला त्रास होत असेल तर परत मोजत बसायचीही गरज नाही. पाच महिने म्हणजे 20 आठवडे झाल्यावर बीपी वाढलं आणि लघवीतून प्रोटीन जायला लागलं की त्याला डॉक्टर प्रीएक्लेम्पसिया म्हणतात. कधी कधी लघवीचा रिपोर्ट चांगला असतो आणि तरीही तोच आजार असतो, त्यामुळे लघवी क्लिअर आहे म्हणून निर्धास्त होऊ नका.

हे होतं कशामुळे, तर मुळात वार, म्हणजे जिच्यातून बाळाला रक्त मिळतं ती, नीट रुजलेली नसते, तिला रक्त कमी पडतं आणि मग त्याचा परिणाम आईच्या सगळ्या रक्तवाहिन्यांवर होतो, किडनी, लिव्हर, मेंदू सगळीकडे. म्हणून डोकं दुखतं, अंधारी येते, लघवी कमी होते. उजव्या बरगडीखालचं ते दुखणं लिव्हरचं असतं हो, पित्ताचं नाही! बहिणीच्या रिपोर्टमध्ये प्लेटलेट एक लाखाच्या खाली गेल्या होत्या आणि एसजीओटी एसजीपीटी, म्हणजे लिव्हरच्या तपासणीचे आकडे, वाढलेले होते, हे आणि रक्तातल्या लाल पेशी फुटणं एकत्र आलं की त्याला हेल्प सिंड्रोम म्हणतात, आणि यात कधीकधी बीपी फार वाढलेलंही नसतं. तर पाच महिने उलटल्यावर पित्तासारखं दुखणं असेल तर आधी बीपी मोजा, बीपी ठीक आलं तरी डॉक्टरांना दाखवा, मग सरबत.

हा आजार टेन्शन घेतल्याने किंवा पापड लोणचं खाल्ल्याने होत नाही. माझी बहीण कितीतरी दिवस मी काय चुकले, मी काय खाल्लं असं विचारत होती आणि तिच्या सासूबाईही मीठ कमी करायला हवं होतं म्हणत होत्या. मीठ बंद करून हा आजार थांबत नाही. पहिलं गर्भारपण, जुळं, आधीपासून बीपी शुगर किंवा किडनीचा त्रास, वजन जास्त, वय जास्त, आईला किंवा बहिणीला झालेलं असणं, यात धोका जास्त असतो एवढंच.

घरी मशीन घ्या, दंडाला पट्टा बांधायचं घ्या, मनगटाचं नको. दंड जाड असेल तर मोठा पट्टा मागून घ्या कारण लहान पट्ट्याने आकडा उगाच जास्त येतो. मोजायच्या आधी अर्धा तास चहा नाही, लघवीला जाऊन यायचं, पाठ टेकून पाच मिनिटं गप्प बसायचं, पाय जमिनीवर, मांडी घालून नाही, हात छातीच्या उंचीला उशीवर. एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजायचं आणि दोन्ही आकडे तारीख वेळ घालून वहीत लिहायचे. मशीन परवडत नसेल तर आशाताईंना सांगा, उपकेंद्रात मोजून देतात, आणि दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत तपासणी असते ती चुकवू नका.

आता एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे सातव्या महिन्यात डोहाळजेवण करून मुलगी माहेरी येते, आणि हा आजार बहुतेकदा त्यानंतरच्याच दिवसांत डोकं वर काढतो. डॉक्टर बदलतात, आधीचं बीपी किती होतं ते कुणाला माहीत नसतं, फाइल सासरी कपाटात राहते. बहिणीचं तसंच झालं होतं, तिचा नवरा व्हॉट्सअॅपवर एकेक कागदाचे फोटो पाठवत होता आणि आम्ही कॅज्युअल्टीत उभे. तर ओटीच्या सामानाच्या आधी फाइल पिशवीत टाका. माहेरी आल्याच्या पहिल्याच आठवड्यात तिथल्या डॉक्टरांना दाखवून ठेवा, आणि त्या दवाखान्यात रक्त आणि बाळासाठी काचेची पेटी आहे का, नसेल तर कुठे पाठवतात, हे तेव्हाच विचारा.

गोळ्यांचं म्हणाल तर लॅबेटालॉल, निफेडिपिन, मिथाइलडोपा या गरोदरपणात चालणाऱ्या आहेत, पण कुठली किती ते डॉक्टरच ठरवणार. घरात सासऱ्यांची बीपीची गोळी आहे म्हणून ती देऊ नका, टेल्मिसार्टन, लोसार्टन, रामिप्रिल असल्या गोळ्या बाळाला घातक आहेत. चालू असलेली गोळी आज बरं वाटतंय म्हणून बंदही करू नका. डोकं दुखतं म्हणून मेडिकलमधून आपल्या मनाने दुखण्याची गोळी आणू नका.

अ‍ॅडमिट केल्यावर काय होतं ते आधी माहीत असेल तर भीती थोडी कमी होते. या आजारात फिट येते तसे झटके येऊ शकतात, ते येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियम सल्फेट देतात, सलाइनमधून आणि बऱ्याच ठिकाणी दोन्ही कुल्ल्यांत खोल इंजेक्शनं, ती खूप दुखतात आणि अंग एकदम भाजल्यासारखं गरम होतं, बहीण घाबरून ओरडली होती, पण ते औषधाचंच असतं. मग नर्स सारख्या गुडघ्यावर ठोकून बघतात, श्वास मोजतात, लघवीची पिशवी मोजतात, कारण औषध जास्त झालं तर तिथे आधी कळतं. 34 आठवड्यांच्या आत असेल तर बाळाच्या फुप्फुसांसाठी स्टिरॉइडची इंजेक्शनं देतात, स्टिरॉइड नाव ऐकून नको म्हणू नका. आणि या आजारावर खरा इलाज बाळंतपण हाच आहे, त्यामुळे डॉक्टर म्हणाले आता थांबता येणार नाही तर मुहूर्त आणि महिने मोजत वेळ घालवू नका.

घरीच झटका आला तर तिला डाव्या कुशीवर वळवा, आजूबाजूच्या वस्तू बाजूला करा, घड्याळ बघा, 108 ला फोन लावा. तोंडात चमचा, बोट, पाणी काही नाही, कांदा चप्पल हुंगवणं नाही, दाबून धरणं नाही. झटका थांबला म्हणून घरी राहायचं नाही, जायचंच.

बाळ झालं की सगळ्यांना वाटतं सुटलो. आम्हालाही वाटलं, मुलगी 1 किलो 700 ग्रॅमची झाली आणि आम्ही सगळे तिच्याच पेटीपाशी. पण बीपी बाळंतपणानंतर साधारण तिसऱ्या ते सहाव्या दिवसात परत चढतं, म्हणजे नेमकं पाचवीच्या आसपास, जेव्हा घरी आलेले लोक बाळाला बघत असतात आणि बाळंतीण डोकं दुखतंय म्हणते तर जागरण झालं असेल म्हणून सोडून देतात. झटके बाळंतपणानंतरही येऊ शकतात. तर त्या आठवड्यात रोज सकाळ संध्याकाळ मोजायचं, नंतर डॉक्टर सांगतील तसं, आणि निदान सहा आठवडे वही बंद करायची नाही. घरातल्या एका माणसाकडे फक्त बाळंतिणीचं काम द्या, बीपी, गोळी, लघवी, झोप, बाळाकडे बघायला बाकीचे आहेतच. आमच्याकडे ते मी केलं. डिस्चार्जच्या गोळ्या अंगावर पाजताना चालतात का ते निघायच्या आधीच विचारून घ्या, बहुतेक चालतात, म्हणून घाबरून गोळी सोडू नका.

पुढच्या वेळी दिवस गेले तर पहिल्याच तपासणीला हे सगळं सांगायचं, कारण कमी डोसची अ‍ॅस्पिरिन साधारण 12 आठवड्यांपासून, 16 च्या आतच सुरू केली तर जास्त फायदा होतो, सातव्या महिन्यात आठवण होऊन उपयोग नाही. कॅल्शियमच्या गोळ्याही टाळायच्या नाहीत. आणि ज्यांना हे एकदा झालंय त्यांना पुढे बीपी आणि हृदयाचा त्रास होण्याची शक्यता जास्त असते, म्हणून बहिणीचं बीपी आम्ही दरवर्षी भाचीच्या वाढदिवसाच्या आठवड्यात तपासून घेतो, ती जुनी वही अजून चालू आहे.