मत्स्यालयात जाण्याआधी लेकरांना मासळीबाजारात न्या

मागच्या उन्हाळ्यात माझी दोन, जावेची दोन आणि नणंदेचं एक अशी पाच लेकरं घेऊन मी अंबडहून संभाजीनगरला गेले होते, सिद्धार्थ उद्यानातलं मत्स्यालय दाखवायला. त्याच्या आदल्या वर्षीही नेलं होतं. तेव्हा पंधरा मिनिटांत सगळी बाहेर आली आणि बर्फाचा गोळा मागायला लागली. चूक लेकरांची नव्हती. एका काचेपुढून दुसऱ्या काचेपुढे नुसतं चालत राहिलं तर मोठ्या माणसालाही चौथ्या टाकीनंतर सगळे मासे सारखेच वाटतात. लेकराजवळ एक प्रश्न हवा, आणि तो घरूनच बरोबर घेतलेला हवा.

आमचा प्रश्न आठवडी बाजारात सापडला. सासूबाई माळकरी, त्यामुळे घरात मासळी येत नाही. लेकरांनी मासा जवळून कधी पाहिलाच नव्हता. बघायला जातो म्हटल्यावर सासूबाईंनी काही अडवलं नाही. मासळीवाल्या बाईंकडे कटला, रोहू आणि मृगळ शेजारी शेजारी मांडले होते. शेततळ्यात हे तिन्ही एकत्र सोडतात, हे आमच्या थोरल्याला माहीत होतं. का सोडतात, हे त्या बाईंनी माशांची तोंडं दाखवून सांगितलं. कटल्याचं तोंड वर वळलेलं, तो पाण्याच्या वरच्या थरात खातो. मृगळाचं खाली, तो तळाशी चरतो. रोहू मधल्या थरातला. एकमेकांच्या ताटात कोणी हात घालत नाही, म्हणून एकाच तळ्यात तिघंही पोसले जातात.

झालं, प्रश्न मिळाला: तोंड कुठे वळलंय? मत्स्यालयात मोठे चौघे जण दर टाकीपुढे आधी अंदाज बांधायचे आणि मग मासा खरंच कुठल्या थरात फिरतो ते बघत थांबायचे. अरवानाचं तोंड वर, तो वरच्या वर फिरत होता. सकर माशाचं तोंड पार पोटाखाली, तो काचेलाच चिकटलेला. एका टाकीपुढे तर आमची वीस मिनिटं गेली, कारण एक मासा अंदाजाप्रमाणे वागेना आणि भाचा तिथून हलेना. अशा वेळी ‘चला, पुढं अजून खूप आहे’ असं म्हणू नका. निम्म्या टाक्या बघायच्या राहिल्या तरी चालतील.

बाजारात आणखी एक गोष्ट बघून ठेवा. रोहूच्या अंगावर कल्ल्यापासून शेपटीपर्यंत बारीक ठिपक्यांची एक रेघ असते. त्या रेघेने माशाला पाण्यातली हालचाल, थरथर कळते. काचेवर टकटक करू नको, असं दहा वेळा सांगूनही लेकरू ऐकत नाही. म्हणून मी घरी धान्याच्या रिकाम्या पत्र्याच्या कोठीला एकेकाचा कान लावायला लावला आणि दुसऱ्या बाजूने नखाने हळूच टकटक केलं. पाचही जण दचकले. हवेतून आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, पाण्यातून जवळपास १५००, हे थोरल्याला सांगितलं. धाकट्यांना कोठी पुरली. त्या दिवशी काचेवर कोणीही हात आपटला नाही. उलट शेजारच्या एका लेकराला आमच्या धाकटीनेच समजावलं.

वय बघून काम द्या. चार वर्षांच्या लेकराला तोंडाचा प्रश्न झेपत नाही. आमच्या धाकटीच्या मुठीत मी तीन रंगांचे दोरे दिले होते, त्या रंगाचा मासा शोधायचा. आठ-नऊ वर्षांच्यांना मिशा मोजू द्या. गोल्डफिश आणि कोई दिसायला सारखे वाटतात, पण कोईला मिशा असतात आणि गोल्डफिशला नसतात. हे स्वतः शोधून काढलं की लेकरू आठवडाभर येईल त्याला सांगत सुटतं. तेरा वर्षांच्या थोरल्याच्या हातात फोन होताच. तो काढून घेण्याऐवजी फ्लॅश बंद करून पाचच फोटो काढायचे, असं ठरवून दिलं. पाचच म्हटल्यावर तो नीट बघायला लागला.

आत अंधार असतो. लहानगं दाराशीच बिचकलं तर ओढू नका, डोळ्यांना सवय होईपर्यंत दोन मिनिटं थांबा. आणि तुम्हीही खाली बसा. आपल्या उंचीवरून दिसणारी टाकी वेगळी आणि लेकराला दिसणारी वेगळी. लघवी आधी उरकून घ्या, दशम्या नंतर बागेत सोडा. एवढं सांभाळलं की बाकी बहुतेक निभावतं.

लेकरं विचारतातच, मासे झोपतात का? झोपतात, पण बहुतेक माशांना पापण्याच नसतात, त्यामुळे डोळे उघडेच राहतात. न येणाऱ्या उत्तराला मी ‘घरी गेल्यावर शोधू’ म्हणते आणि वहीत लिहून घेते. लिहिलेलं मात्र विसरू नका, लेकरं विसरत नाहीत.

परतीच्या वाटेवर मासे घेऊन द्या म्हणून हट्ट होणारच. त्याच दिवशी काचेचा गोल वाडगा घेऊ नका. त्यात पाणी फार थोडं असतं, लवकर खराब होतं आणि मासा दगावतो. हौसेने आणलेला मासा नको झाला तर तो विहिरीत किंवा नदीतही सोडू नका. सकर मासा दक्षिण अमेरिकेतला. असा बाहेरचा मासा एकदा नदीत पसरला की इथल्या माशांना जड जातो.

आमच्या वाड्यातल्या हौदात आरोग्य खात्याच्या माणसांनी डासांच्या अळ्या खायला गप्पी मासे सोडलेत. मी लेकरांना तेच दाखवले. धाकटी काठावर पालथी पडली, मी तिचा फ्रॉक धरून ठेवला. बराच वेळ बघून म्हणाली, ‘आई, ह्याचं तोंड वर हाय!’ अळ्या तर पाण्याच्या वरच्या अंगालाच लोंबकळत होत्या.