वाडग्यात जमणारे आंबट-तिखट डम्पलिंग सूप

हॉट अँड सोअर सूप म्हटले की जळगाव-धुळ्याकडे चायनीजच्या गाडीवरचे, कॉर्नफ्लोअर लावून दाट केलेले गडद तपकिरी सूप डोळ्यांपुढे येते. येथे सांगितलेले सूप त्याहून वेगळे आहे. वायव्य चीनमधील शेन्शी प्रांतात, विशेषतः शिआन शहरात, ‘स्वान थांग श्वेइज्याओ’ नावाचा पदार्थ मिळतो. स्वान म्हणजे आंबट, थांग म्हणजे सूप आणि श्वेइज्याओ म्हणजे पाण्यात उकडलेले डम्पलिंग. या सुपाला पीठ लावत नाहीत आणि ते फोडणीलाही घालत नाहीत. आंबट, तिखट व खारट असे सगळे जिन्नस आधी वाडग्याच्या तळाशी घालून त्यावर उकळता रस्सा ओततात आणि मग वेगळे उकडलेले डम्पलिंग त्यात सोडतात. आपले डुबुकवडे रश्श्यातच शिजतात आणि त्यांच्या बेसनाने रस्सा दाट होतो. येथे नेमके उलटे असल्यामुळे डुबुकवड्यांची सवय असलेल्या हाताने सुरुवातीला स्वतःला थोडे आवरावे लागते.

चार माणसांसाठी साधारण ३८ ते ४० डम्पलिंग लागतात. त्यासाठी २५० ग्रॅम मैदा, पाव चमचा मीठ आणि १२५ ते १३० मिलिलिटर साधे थंड पाणी घ्यावे. मोमोसाठी पुष्कळजण गरम पाण्याने पीठ भिजवतात, पण ती पद्धत वाफवण्याच्या किंवा तव्यावर परतण्याच्या डम्पलिंगसाठी योग्य आहे. गरम पाण्याने पिठातील स्टार्च फुगून पारी मऊ होते आणि उकळत्या पाण्यात ती फाटण्याची शक्यता वाढते. थंड पाण्यात ग्लुटेनची जाळी नीट तयार होते, त्यामुळे पारी उकळी सहन करते आणि खाताना दाताला किंचित चिवट लागते. पाणी थोडे थोडे घालत पीठ पुरीच्या पिठाइतके घट्ट मळावे. ते लगेच गुळगुळीत झाले नाही तरी पाणी वाढवू नये. दहा मिनिटे झाकून ठेवून पुन्हा मळले की ते आपोआप नितळ होते. त्यानंतर ओल्या फडक्याखाली अर्धा तास मुरू द्यावे.

पीठ मुरते आहे तोवर सारण होते. उत्तर चीनमध्ये डुकराचे किंवा मेंढीचे मांस, कोबी आणि ‘च्यूत्साय’ नावाची लसणाच्या वासाची चपटी पात वापरतात. या पातीची जागा आपल्याकडची हिवाळी लसणाची पात फार चांगली घेते, आणि म्हणून हा पदार्थ मी शक्यतो डिसेंबर-जानेवारीतच करते. तीनशे ग्रॅम कोबी अगदी बारीक चिरून, एक लहान चमचा मीठ चोळून वीस मिनिटे ठेवावा आणि नंतर फडक्यात बांधून घट्ट पिळावा. ही पायरी गाळली तर कोबीचे पाणी आतून सुटते, पारी भिजते आणि डम्पलिंग तळाशीच उकलते. पिळलेल्या कोबीत दीडशे ग्रॅम कुस्करलेले पनीर, एक किसलेले गाजर, मूठभर चिरलेली लसणाची पात, एक चमचा किसलेले आले, पाव चमचा पांढरी मिरपूड आणि एक मोठा चमचा भाजून कुटलेले तीळ घालावेत. चव पाहूनच आणखी मीठ घालावे, कारण कोबीत थोडे उरलेलेच असते. सामिष करायचे असल्यास पनीर व गाजराऐवजी अडीचशे ग्रॅम चिकनचा खिमा घेऊन, त्यात तीन-चार मोठे चमचे गार पाणी एकाच दिशेने ढवळत जिरवावे, म्हणजे शिजल्यावर सारण कोरडे पडत नाही.

पिठाच्या दहा-दहा ग्रॅमच्या लाट्या करून आठ-नऊ सेंटिमीटरच्या गोल पाऱ्या लाटाव्यात. लाटणे पापडाचे, बारीक असावे. कडा पातळ आणि मध्य जाड राहील असे लाटावे, कारण मिटल्यावर कडेचे दोन थर एकावर एक येतात; कडा जाड राहिल्या तर सारण शिजूनही कड कच्ची लागते. मध्यावर एक लहान चमचा सारण ठेवून करंजीसारखी अर्धगोल मिटावी आणि आतली हवा बाहेर काढत कडा घट्ट दाबावी. मुरड घालण्याचा मोह होतो, पण सुपात ती सुटून येते आणि तिच्यातले कच्चे पीठ जिभेला खुपते. दाबलेली साधी कडच बरी. भरलेली डम्पलिंग पीठ भुरभुरलेल्या ताटात एकमेकांना चिकटणार नाहीत अशी ठेवावीत.

आता आंबटपणाचे. चीनमध्ये या सुपासाठी काळे, मुरवलेले धान्याचे व्हिनेगर वापरतात. यांगत्से नदीकाठच्या जन्‌च्यांगचे व्हिनेगर चिकट तांदळापासून बनते, तर शेन्शीच्या पूर्वेला लागून असलेल्या शान्शी प्रांताचे प्रसिद्ध व्हिनेगर मुख्यतः ज्वारीपासून बनते. ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या माणसाला ही माहिती उगाचच आपलीशी वाटते. अशी बाटली ऑनलाइन मिळते. मिळाली तर प्रत्येक वाडग्याला दीड मोठा चमचा घालावी. न मिळाल्यास तेवढेच माल्ट व्हिनेगर आणि हरभऱ्याच्या दाण्याएवढा गूळ घालावा. किराणा दुकानातील पांढरे सिंथेटिक व्हिनेगर केवळ आंबट असते, त्याला धान्याचा वास नसतो, म्हणून ते एक मोठा चमचाच घालून गुळाचे प्रमाण थोडे वाढवावे. चिंचेचा कोळ मात्र घालू नये. सूप चवदार होते, पण ते चिंचेच्या सारासारखे लागू लागते.

व्हिनेगर कधीही पातेल्यात उकळू नये. पहिल्या वेळी मी ते रश्श्यातच घालून दहा मिनिटे उकळले, स्वयंपाकघरात सगळ्यांना ठसका लागला आणि सुपात नुसता बोथट आंबटपणा राहिला. व्हिनेगरचा सुगंध उष्णतेने उडून जाणारा असतो, आणि वाडग्यात मसाले घालण्याच्या पद्धतीचे एक मोठे कारण हेच असावे. शिवाय प्रत्येकाला आपापल्या जिभेप्रमाणे प्रमाण ठरवता येते, ही सोय आहेच.

तिखटासाठी मिरचीचे तेल करावे, आणि येथे खान्देशाचा हात वरचढ ठरतो. नंदुरबारच्या पथाऱ्यांवर वाळणारी लाल मिरची घरात असतेच. पण शेन्शीची मिरची तिखटापेक्षा रंग आणि वासासाठी ओळखली जाते, म्हणून निम्मी आपली तिखट मिरची आणि निम्मी ब्याडगी असे मिश्रण घ्यावे. बिया ठेवून जाडसर कुटलेली चार मोठे चमचे मिरची, एक मोठा चमचा पांढरे तीळ आणि चिमूटभर मीठ कोरड्या स्टीलच्या किंवा चिनीमातीच्या भांड्यात घालावे. दीडशे मिलिलिटर शेंगदाणा तेल धूर येईपर्यंत तापवून गॅस बंद करावा आणि तीन-चार मिनिटे थांबावे. तेलात एक तीळ टाकून पाहावा: तो लगेच फसफसला पण काळा पडला नाही, तर तेल योग्य आहे. ते तीन वेळा थोडे थोडे ओतत ढवळावे. सगळे एकदम ओतले तर मिरची जळते आणि तेल कडू होते. शेवटी अर्धा चमचा व्हिनेगर घातल्यास तेल उसळते आणि त्याचा वास खुलतो. त्या वेळी चेहरा दूर ठेवावा. हे तेल रात्रभर मुरले तर अधिक चांगले. काळा मसाला घालण्याची सूचना घरातून हमखास येते. ती मानल्यास सूप शेवभाजीच्या रश्श्याच्या वाटेला लागते.

रस्सा साधा ठेवावा. दीड लिटर पाण्यात कोबीचे देठ, अर्धा कांदा, आल्याचे चार काप, थोडे मशरूम आणि मीठ घालून पाऊण तास मंद उकळावे व गाळावे. सामिष असल्यास त्यात कोंबडीची हाडे घालावीत.

डम्पलिंग मोठ्या पातेल्यात, तीन लिटर खळखळत्या पाण्यात, एका वेळी दहा-पंधराच सोडावीत आणि लगेच झाऱ्याच्या पाठीने तळापासून हलकेच हलवावीत. पुन्हा उकळी आली की एक वाटी थंड पाणी घालावे, पुन्हा उकळी आली की पुन्हा घालावे, असे तीनदा करावे. ही चिनी घरांतील जुनी रीत आहे. तिच्यामुळे उकळीचा जोर ओसरतो, पारी फाटत नाही आणि आतल्या सारणाला शिजायला वेळ मिळतो. तिसऱ्या उकळीला डम्पलिंग फुगून वर तरंगतात. चिकनचे असल्यास एक फोडून आत गुलाबी राहिले नाही ना, हे अवश्य पाहावे.

डम्पलिंग शिजत असतानाच प्रत्येक वाडग्यात व्हिनेगर, दोन लहान चमचे सोया सॉस, एक मोठा चमचा मिरचीचे तेल गाळासह, पाव चमचा पांढरी मिरपूड, भाजलेले तीळ, चिमूटभर साखर, चिरलेली कांद्याची पात आणि कोथिंबीर घालावी. व्हिनेगरसोबत गूळ घातला असल्यास साखर वगळावी. डार्क सोया सॉस असेल तर तो निम्माच घ्यावा, नाहीतर रस्सा काळा पडतो. शिआनमध्ये यात वाळवलेली बारीक कोळंबी आणि समुद्री शेवाळाचे तुकडे असतात. आठवडी बाजारातील सुकट कोरडी भाजून चिमूटभर घातली तर कोळंबीची उणीव भरून निघते. शेवाळ नसले तरी चालते. वरून तीनशे मिलिलिटर उकळता रस्सा ओतावा, नऊ-दहा डम्पलिंग सोडावीत आणि लगेच खायला बसावे, कारण पाच-सात मिनिटांत पारी रस्सा पिऊन फुगते.

उरलेली कच्ची डम्पलिंग ताटात सुटी ठेवून फ्रीझरमध्ये कडक होऊ द्यावीत आणि मग पिशवीत भरावीत. ती न वितळवता थेट उकळत्या पाण्यात सोडावीत व थंड पाणी एकदा जास्त घालावे. उकडलेली उरली तर दुसऱ्या दिवशी तव्यावर थोड्या तेलात तळ खरपूस होईपर्यंत परतावीत आणि उरलेल्या मिरचीच्या तेलात बुडवून खावीत.