‘आउट’ म्हणजे नुसतं बाहेर नव्हे: या चुका टाळा

आउट हा शब्द मराठी पोराला शाळेत जायच्या आधीच येतो. गल्लीत बॅट्समन आउट, पुढं रिझल्ट आउट, पेपर फुटला की पेपर आउट, जास्त झाली की माणूसही आउट. शब्द इतका ओळखीचा असल्यामुळं शब्दकोश उघडायचं कुणाच्या मनातही येत नाही, आणि त्याच त्या चुका वर्षानुवर्षं बायोडेटांत, मेलांत, मुलाखतींत दिसत राहतात. इंग्रजीत आउट बऱ्याच क्रियापदांना चिकटला की अर्थ पालटतो. ‘पास’ माहीत आहे, ‘आउट’ माहीत आहे, म्हणून ‘पास आउट’ कळला, असं होत नाही.

पासआउट

सर्वांत जास्त दिसणारी चूक हीच. “आय पास्ड आउट इन 2019.” भारतात हे वाक्य कुणालाही खटकत नाही. तोच बायोडेटा अमेरिकेत गेला की वाचणाऱ्याला अर्थ लागतो: हा 2019 मध्ये बेशुद्ध पडला. ब्रिटनमध्येही रोजच्या बोलण्यात ‘पास आउट’ म्हणजे शुद्ध हरपणं, मग ते उन्हानं असो की दारूनं. “आय पास्ड आउट विथ डिस्टिंक्शन” वाचून तर समोरचा पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला लागतो.

हा प्रयोग आपल्या मनाचा नाही. ब्रिटिश लष्करी परंपरेत प्रशिक्षण पुरं करून बाहेर पडण्याला पासिंग आउट म्हणतात. खडकवासल्याच्या एनडीएत वर्षातून दोनदा होते ती पासिंग आउट परेड, आणि तिथं तो शब्द अगदी बरोबर आहे. आपण तो उचलून कॉलेजला लावला आणि भारतीय इंग्रजीत तो रुळला. त्यामुळं नागपूरच्या कंपनीला ‘2019 पासआउट’ लिहिलं तर काही बिघडत नाही. परदेशी जाणाऱ्या कागदावर मात्र “आय ग्रॅज्युएटेड फ्रॉम...” असं लिहा, त्यातला ‘फ्रॉम’ गाळू नका. बारावीसाठी ‘फिनिश्ड’ किंवा ‘कंप्लीटेड’ पुरतं. बॅच सांगायची असेल तर ‘क्लास ऑफ 2019’.

याच चुकीचं दुसरं रूप जास्त त्रासाचं आहे. ‘पास्ड आउट’ म्हणजे बेशुद्ध पडले, ‘पास्ड अवे’ म्हणजे वारले. परदेशातल्या मॅनेजरला रजा मागताना “माय फादर पास्ड आउट” असं घाईत लिहिलं की तो उलट विचारतो, आता बरे आहेत का? शोकात असलेल्या माणसाला असलं उत्तर वाचायला लागणं फार वाईट. हे दोन शब्द एकाच कागदावर शेजारी लिहून ठेवा आणि पाठच करा.

आणि ‘पास आउट’च्या पुढं वस्तू आली, जसं “प्लीज पास आउट द फॉर्म्स”, की अर्थ होतो वाटणं. पुढं कर्म आहे का, एवढं बघायची सवय लावली तरी असे बरेच घोटाळे सुटतात.

आउट ऑफ पॉकेट

हा वाक्प्रचार कळल्यासारखा वाटतो, म्हणूनच धोक्याचा. मूळ अर्थ पैशाचा. ब्रिटिश इंग्रजीत “आय वॉज आउट ऑफ पॉकेट” म्हणजे व्यवहारात माझ्या पदरचे गेले. ‘आउट ऑफ पॉकेट एक्स्पेन्सेस’ म्हणजे आधी स्वतःच्या खिशातून केलेला खर्च. आरोग्याच्या आकडेवारीतही हाच अर्थ आहे. भारतातल्या एकूण आरोग्य खर्चात कुटुंबांनी स्वतःच्या खिशातून भरलेला वाटा 2013-14 मध्ये 64.2 टक्के होता, तो 2021-22 मध्ये 39.4 टक्क्यांवर आला, असं राष्ट्रीय आरोग्य लेखे सांगतात. तिथं शब्द हाच.

आता अमेरिकन सहकाऱ्याचा मेल येतो: “आय विल बी आउट ऑफ पॉकेट टुमॉरो.” पुण्यातला नवा मुलगा समजतो, बिचाऱ्याला पैशाची अडचण आहे. अमेरिकी ऑफिसच्या बोलीत याचा अर्थ आहे, उद्या मी संपर्कात नसेन. मुलानं काळजीपोटी “डू यू नीड हेल्प?” असं विचारलं, तोवर ज्या फाइलला आजच मंजुरी घ्यायला हवी होती ती राहिली, आणि दुसऱ्या दिवशी माणूस फोनवर नाही. पोरगं मनानं चांगलं होतं, फक्त त्यानं आजूबाजूची वाक्यं वाचली नाहीत. मेलमध्ये रुपया-डॉलरचा, बिलाचा, परताव्याचा उल्लेख नाही, वाराचा किंवा वेळेचा आहे, तर अर्थ गैरहजेरीचा.

तिसरा अर्थ आफ्रिकन-अमेरिकन बोलीतून आलेला आणि आता तरुणांच्या तोंडी पसरलेला: “दॅट वॉज आउट ऑफ पॉकेट”, म्हणजे हे बोलणं हद्दीबाहेरचं होतं. कर्त्याच्या जागी माणसाऐवजी एखादं बोलणं किंवा वागणं असेल, तर बहुतेक वेळा हा अर्थ घ्या.

माझं मत स्पष्ट आहे: हा वाक्प्रचार ओळखायला शिका, पण स्वतः वापरू नका. पैशासाठी “आय पेड फॉर इट मायसेल्फ” आणि रजेसाठी “आय वोन्ट बी अव्हेलेबल” म्हटलं की कुठल्याही देशात एकच अर्थ निघतो.

मेक आउट

“आय कान्ट मेक आउट द हँडरायटिंग” म्हणजे अक्षर लागत नाही. “मेक आउट अ चेक टू” म्हणजे अमुकच्या नावे चेक लिहिणं. दोन्ही सभ्य. पण “मेक आउट विथ” आणि पुढं माणूस आला, की अमेरिकी बोलीत अर्थ होतो बराच वेळ चुंबनं घेणं. “आय ट्राइड टु मेक आउट विथ द क्लायंट” असं ‘जुळवून घ्यायचा प्रयत्न केला’ या अर्थानं कधीही लिहू नका. जुळवून घेण्याला ‘गेट अलाँग विथ’ म्हणतात.

‘पुट आउट’चंही तसंच. आग किंवा सिगारेट विझवायला तो चालतो, “शी वॉज पुट आउट” म्हणजे ती नाराज झाली. पण पुढं काहीच न जोडता नुसतं “शी पुट्स आउट” म्हटलं तर तो अश्लील शेरा होतो.

एक ‘द’ गाळला की

मराठीत ‘द’सारखा शब्द नाही, म्हणून आपण तो सहज गाळतो. “इट्स आउट ऑफ द क्वेश्चन” म्हणजे शक्यच नाही. ‘द’विना ‘आउट ऑफ क्वेश्चन’ हा जुना प्रयोग आहे, आणि त्याचा अर्थ जवळजवळ उलटा: निःसंशय. “युअर प्रमोशन इज आउट ऑफ क्वेश्चन” असं लिहिणाऱ्या साहेबाला नेमकं काय म्हणायचंय, ते अंदाजानंच ठरवावं लागतं.

सर्वनामाची जागा: “फिगर इट आउट”, “फिल इट आउट”. ‘फिगर आउट इट’ कधीच नाही. नाम दोन्हीकडे चालतं, सर्वनाम मधेच येतं.

‘वर्क आउट’ दोन शब्दांत लिहिलं तर क्रियापद, आणि बोलताना जोर ‘आउट’वर. ‘वर्कआउट’ जोडून लिहिलं तर नाम, जोर ‘वर्क’वर. चेकआउट, बर्नआउट यांनाही हेच लागू. “इट डिडन्ट वर्क आउट” म्हणजे जमलं नाही. व्यायामाशी संबंध नाही.

‘पेपर आउट झाला’ याचं इंग्रजी “द पेपर वॉज लीक्ड”. “द पेपर इज आउट” म्हटलं तर छापून आला, प्रसिद्ध झाला असं वाटतं.

‘ऑल आउट’ क्रिकेटमध्ये संघ गारद; “गो ऑल आउट” म्हणजे सगळी ताकद लावणं.

रागावलेल्या माणसाला, त्यातून वरिष्ठाला, “चिल आउट” म्हणू नका. ती आज्ञा वाटते.

‘आउट ऑफ स्टेशन’ भारतीय उपखंडाबाहेर बहुतेकांना कळत नाही. ‘आउट ऑफ टाउन’ म्हणा.

शिकायचं कसं

दहा मिनिटांत पन्नास वाक्प्रचार शिकवणारी रील बघून काहीही हाती लागत नाही, कारण त्यात कोण कुणाला कुठं बोलतं हे नसतं. शब्दाला शब्द ठेवणाऱ्या भाषांतराच्या ॲपवरही इथं भरवसा नको. लर्नर्स डिक्शनरी, म्हणजे इंग्रजी शिकणाऱ्यांसाठीचा शब्दकोश, उघडा, ऑक्सफर्डची किंवा केंब्रिजची, आणि अर्थाच्या आधी त्याला लागलेली चिठ्ठी वाचा: इन्फॉर्मल, स्लँग, टॅबू, ब्रिटिश, अमेरिकन. घाईतले लोक नेमकी हीच चिठ्ठी सोडतात. मग वहीत एका पानावर एकच वाक्प्रचार लिहा: पूर्ण वाक्य, बोलणारा कोण, ऐकणारा कोण, कुठल्या देशातला. आठवड्याला तीन पानं पुष्कळ झाली. एखादा प्रयोग खऱ्या माणसांच्या तोंडून निदान तीनदा ऐकल्याशिवाय तो आपल्या मेलमध्ये घालू नका.